पाळी संपवून घरी जाणारा माणूस: फॅसिझमचा रोजचा चेहरा आणि सिनेमा

११ मे १९६०च्या संध्याकाळी ब्यूनस आयर्सच्या एका उपनगरात एक माणूस कामावरून परतताना बसमधून उतरला. रिकार्डो क्लेमेंट या नावाने तो तिथल्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात नोकरी करत होता. घरी बायको आणि मुले होती. इस्रायली हेरांनी त्याला घराजवळच्या रस्त्यावर पकडले. त्याचे खरे नाव अ‍ॅडॉल्फ आइखमन. युरोपभरच्या ज्यूंना मृत्युछावण्यांपर्यंत पोचवणाऱ्या आगगाड्यांचे नियोजन त्याच्या कचेरीतून चालत असे.

पिंपरी, भोसरी, आकुर्डी, तळवडे, महाळुंगे, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्याला या संध्याकाळीतले काहीच परके वाटणार नाही. शिफ्ट सुटते, कंपनीची बस चौकात सोडते, माणूस डबा हातात धरून घराकडे वळतो. नाझी जर्मनीत किंवा मुसोलिनीच्या इटलीत सत्तेने जे भयंकर घडवले, ते घडवणारे बहुतेक हात असेच कामावर जाणारे आणि घरी परतणारे होते. सिनेमा तर चेहऱ्यांवर जगतो. त्याला खलनायक लागतो आणि खलनायकाला डोळे, हसू, आवाज लागतो. ज्या दुष्कृत्याला असा वेगळा चेहराच नाही ते पडद्यावर आणायचे कसे? जगातल्या आणि मराठीतल्या काही दिग्दर्शकांनी या प्रश्नाशी फार गंभीरपणे झुंज दिली आहे. ज्यांनी दुष्टपणा कामात पकडला, म्हणजे बैठकीत, वेळापत्रकात, ड्रॉइंगवर, स्वयंपाकघरात पकडला, त्यांचेच सिनेमे आज आपल्याला जाब विचारू शकतात असे माझे ठाम मत आहे. हा आढावा त्याच मताच्या आधाराने घेतला आहे.

आइखमनचा खटला आणि एक कसोटी

१९६१ साली जेरुसलेममध्ये आइखमनवर खटला चालला. तो ऐकायला गेलेल्या हॅना आरेंट या विचारवंत स्त्रीला काचेच्या पेटीत बसलेला एक कारकुनी वळणाचा माणूस दिसला. हुकूम, नियम, बढती यांपलीकडे ज्याचा विचार जात नाही असा. १९६३ साली आलेल्या तिच्या पुस्तकाने दुष्टपणाच्या सामान्यपणाची चर्चा जगभर पोचवली. मार्गारेट फॉन ट्रोट्टा यांच्या ‘हॅना आरेंट’ (२०१२) या सिनेमात आरेंटची भूमिका नटी करते, पण आइखमन मात्र खटल्याच्या मूळ चित्रीकरणातलाच दिसतो. हा निर्णय फार विचारपूर्वक घेतलेला आहे. नटाने साकारलेल्या आइखमनकडे आपण अभिनय म्हणून पाहिले असते. खरा आइखमन चष्मा सावरतो, कागद नीट लावतो, प्रश्न विचारला की अदबीने उत्तर देतो. एयाल सिवान यांनी तर १९९९ साली याच चित्रफितींमधून ‘द स्पेशलिस्ट’ हा अख्खा माहितीपट उभा केला.

पण आरेंटचा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. बेटिना श्टांगनेथ या जर्मन अभ्यासिकेने २०११ साली आइखमनच्या अर्जेंटिनातल्या नोंदी आणि ध्वनिफिती तपासून दाखवले की तो निव्वळ हुकमाचा ताबेदार नव्हता. त्याचा ज्यूद्वेष मुरलेला होता, त्याला आपल्या कामाचा अभिमान होता, आणि न्यायालयातला साधा कारकून हा बराचसा बचावाचा पवित्रा होता. यातून सिनेमासाठी एक कसोटी मिळते. माणूस सामान्य दिसतो एवढे दाखवून भागत नाही. त्या सामान्यपणाच्या आत कोणता द्वेष, कोणता स्वार्थ, कोणती सोय घर करून आहे हेही दिसले पाहिजे. नाहीतर सामान्यपणा ही एक सबब होऊन बसते.

राक्षस दाखवला की प्रेक्षक सुटतो

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘शिंडलर्स लिस्ट’ (१९९३) आपल्याकडे सर्वांत जास्त पाहिला गेलेला या विषयावरचा सिनेमा असावा. क्राकाऊमधल्या भांड्यांच्या कारखान्याचा मालक ऑस्कर शिंडलर सुमारे १,२०० ज्यू कामगारांना वाचवतो, ही त्याची सत्यकथा. त्यात प्लाशोव छावणीचा प्रमुख आमोन ग्योट सज्जात उभा राहून बंदुकीने कैदी टिपतो. ते दृश्य विसरता येत नाही, ग्योट खराही होता आणि १९४६ साली फाशीही गेला. पण असा माणूस पाहताना प्रेक्षकाला एक सुटका मिळते. मी असा नाही, माझ्या ओळखीत असा कोणी नाही, असे म्हणून तो मोकळा होतो.

त्याच सिनेमात दुसरी दृश्ये आहेत. मैदानात मांडलेली घडीची टेबले, त्यावर टाइपरायटर, शाईच्या दौती, शिक्के, आणि नाव विचारून यादीत खूण करणारे कारकून. या कारकुनांना संवाद जवळजवळ नाहीत. माझ्या मते ग्योटच्या बंदुकीपेक्षा ही टेबले अधिक खरी बातमी देतात. ग्योट एकटा किती माणसे मारणार? साठ लाखांचा आकडा गाठायला टेबले लागली, याद्या लागल्या, वेळेवर येणारे कर्मचारी लागले.

बैठक, वेळापत्रक, ड्रॉइंग

२० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वानझे तलावाकाठच्या एका बंगल्यात १५ अधिकारी जमले. बैठक सुमारे दीड तास चालली. उपस्थितांपैकी आठ जण डॉक्टरेट मिळवलेले होते. देशोदेशीच्या ज्यूंचे आकडे मांडले गेले, एकूण बेरीज एक कोटी दहा लाखांच्या वर गेली, आणि कोणत्या खात्याने काय करायचे ते ठरले. इतिवृत्त आइखमनने तयार केले. या बैठकीवर १९८४ साली जर्मन टीव्हीसाठी एक सिनेमा झाला, २००१ साली फ्रँक पिअरसन यांचा ‘कॉन्स्पिरसी’ आला आणि २०२२ साली पुन्हा एक जर्मन सिनेमा. पहिले दोन्ही जवळपास बैठकीइतक्याच वेळाचे आहेत. ‘कॉन्स्पिरसी’मध्ये माणसे खातात, पितात, एकमेकांच्या खात्यांवर कुरघोडी करतात. विल्हेल्म श्टुकार्ट हा कायदेतज्ज्ञ चिडून आक्षेप घेतो, आणि आपण क्षणभर आशेने त्याच्याकडे पाहतो. मग लक्षात येते की त्याचा राग माणसे मरणार याचा नाही, त्याने तयार केलेल्या कायद्याला बगल दिली जाते आहे याचा आहे. ज्याने कधी मासिक आढावा बैठक पाहिली आहे त्याला या सिनेमात बैठकीची शिस्त ओळखीची वाटते आणि त्या ओळखीनेच अंगावर काटा येतो.

क्लोद लांझमान यांचा ‘शोआ’ (१९८५) हा जवळपास साडेनऊ तासांचा माहितीपट या विषयाचा मेरुमणी आहे. त्यात जुन्या काळचे एकही चित्रीकरण वापरलेले नाही. वाचलेले कैदी, साक्षीदार आणि स्वतः गुन्ह्यात सामील असलेले लोक बोलतात. त्यांतला एक रेल्वे अधिकारी. खास गाड्यांची वेळापत्रके तो लावत असे. आपण टेबल सोडून कधी गेलोच नाही, गाडी कुठे जाते आणि तिथे काय होते हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे तो सांगतो. इतिहासकार राउल हिलबर्ग या गाड्यांचा हिशेब उलगडतात. मृत्यूच्या प्रवासाचेही तिकीट आकारले जात होते. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धे, चार वर्षांखालच्यांना मोफत. चारशेहून अधिक माणसे असली की सवलतीचा दर. परतीचे भाडे फक्त पहारेकऱ्यांचे.

आपल्या पट्ट्यातल्या माणसाने मात्र याच माहितीपटातला एक भाग मुद्दाम बघावा. लांझमान ५ जून १९४२ची एक कार्यालयीन टिपणी वाचून दाखवतात. विषय आहे ट्रकसारख्या मोटारगाड्यांमधल्या सुधारणा. या बंद गाड्यांच्या आत इंजिनाचा धूर सोडून माणसे मारली जात. टिपणी लिहिणारा नोंदवतो की डिसेंबर १९४१पासून तीन गाड्यांनी ९७,००० नगांचे काम केले आणि गाड्यांत दोष आढळला नाही. मग सूचना येतात. मागचा भाग एक मीटरने आखूड करावा. त्याने पुढच्या आसावर भार वाढेल अशी बांधणी करणाऱ्यांची शंका होती, पण आतला माल आपसूक मागच्या दाराकडे धावतो, त्यामुळे तोल राहतो. आतले दिवे जाळीने सुरक्षित करावेत. धुण्यासाठी तळाला झाकणाचे भोक ठेवावे. हे वाचन चालू असताना पडद्यावर युद्धानंतरच्या जर्मनीतला ऱ्हूर हा औद्योगिक भाग सरकत राहतो आणि शेवटी त्याच बनावटीचा एक ट्रक दिसतो. रक्त नाही, प्रेत नाही, किंकाळी नाही. पण ज्याने कधी डिझाइन बदलाची नोट लिहिली आहे, आसावरच्या भाराचे गणित केले आहे, त्याला ही नोट लिहिणाऱ्याचा हात आपल्या हाताइतकाच सराईत वाटतो. दुष्टपणाचा याहून नेमका चेहरा मला सिनेमात दुसरीकडे सापडलेला नाही.

जोनाथन ग्लेझर यांच्या ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’मध्ये (२०२३) हाच धागा पुढे येतो. आउश्विट्झचा प्रमुख रुडॉल्फ ह्योस याच्या घरी टोप्फ अँड झ्योने या कंपनीचे लोक येतात आणि नव्या भट्टीचे ड्रॉइंग पसरतात. एका भागात जाळणे, दुसऱ्या भागात थंड करणे, मग उलट, म्हणजे काम थांबतच नाही. ही कंपनी खरी होती, जर्मनीतल्या एर्फुर्ट शहरातली, आणि तिच्या अभियंत्यांत अधिक चांगली भट्टी कोण बनवतो याची चुरस होती. तिच्या जुन्या कार्यालयात २०११पासून स्मृतिसंग्रहालय आहे. जर्मन उद्योगांनी पुढे स्वतःच्या इतिहासाकडे पाहिले हेही इथे सांगायला हवे. आपल्या चाकणमध्ये जिचा कारखाना २००९पासून चालतो त्या फोक्सवागनने युद्धकाळातल्या सक्तीच्या मजुरीचा इतिहास हान्स मोम्सेन या इतिहासकाराकडून लिहून घेतला आणि तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. २००० साली जर्मन सरकार आणि उद्योग यांनी मिळून सक्तीच्या मजुरांच्या भरपाईसाठी दहा अब्ज मार्कांचा निधी उभारला.

भिंतीअलीकडचे घर

ग्लेझर यांचा सिनेमा मुळात घराचा आहे. छावणीची भिंत ही ह्योसच्या बागेची भिंत. घरात लपवलेल्या अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेली कुटुंबाची ये-जा आपण बघतो, पण भिंतीपलीकडचे फक्त ऐकतो. ह्योसची बायको हेडविग कैद्याकडून आलेला फरचा कोट अंगावर घालून आरशात बघते, खिशात सापडलेली लिपस्टिक ओठांना लावते. नवऱ्याची बदली झाली तेव्हा हे घर, ही बाग सोडून जायला ती ठाम नकार देते. श्टांगनेथच्या संशोधनातून मिळालेली कसोटी इथे पुरी होते. हेडविगला सगळे माहीत आहे आणि ते तिला सोयीचे आहे. तिची आई पाहुणी येते, रात्री खिडकीतून धगधगाट बघते आणि सकाळ व्हायच्या आत निघून जाते. या सिनेमाला २०२४ साली आंतरराष्ट्रीय सिनेमाचे ऑस्कर मिळाले, आणि ध्वनीचेही. ध्वनीचे ऑस्कर इतके योग्य ठिकाणी क्वचितच गेले असेल.

इटालियन दिग्दर्शक घरात फार आधी शिरले होते. एत्तोरे स्कोला यांच्या ‘उना जोर्नाता पार्तिकोलारे’मध्ये (१९७७) ६ मे १९३८चा दिवस आहे. हिटलर रोममध्ये आलेला आहे, अख्खी चाळ मिरवणुकीला गेली आहे. मागे राहिली आहे सहा मुलांची आई, जिने मुसोलिनीच्या फोटोंचा अल्बम जपला आहे, आणि नोकरीवरून काढलेला एक रेडिओ निवेदक. सोफिया लॉरेन आणि मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांच्या संथ संवादांमागे इमारतीच्या पहारेकरणीचा रेडिओ दिवसभर मिरवणुकीचा गजर करत राहतो. हुकूमशाही इथे गोळी घालत नाही. ती घरात आवाज बनून शिरते आणि बाईला स्वतःबद्दल काय वाटावे हेही ठरवते. बेर्तोलुच्ची यांच्या ‘इल कॉन्फॉर्मिस्टा’चा (१९७०) नायक तर चारचौघांसारखा दिसावा एवढ्यासाठी फॅसिस्टांचा हस्तक होतो आणि आपल्या जुन्या प्राध्यापकाच्या खुनाच्या वेळी गाडीची काच वर करून बसून राहतो. अर्जेंटिनाच्या ‘ला इस्तोरिया ओफिसियाल’मधल्या (१९८५) इतिहासाच्या शिक्षिकेला आपण दत्तक घेतलेली मुलगी सरकारने गायब केलेल्या आईबापांची असू शकते हे उमगते. वर्गात इतिहास शिकवणाऱ्या बाईने घरातला इतिहास इतकी वर्षे विचारलेला नसतो.

मराठी पडदा

आपल्याकडे फॅसिझमची राजवट आली नाही, आणि वसाहत, जात, आणीबाणी यांना सरसकट ते नाव देणे चुकीचे ठरेल. पण साध्या माणसांच्या हातून अन्याय चालतो कसा, या प्रश्नावर मराठी माणसांनी केलेले काम जगाच्या पंगतीत बसणारे आहे.

सुरुवात पुण्याच्या प्रभातपासून करावी लागते. व्ही. शांताराम यांचा ‘शेजारी’ १९४१ साली आला, हिटलर युरोप तुडवत असताना. कथा विश्राम बेडेकरांची. याच बेडेकरांनी १९३९ साली ‘रणांगण’मध्ये नाझी जर्मनीतून पळालेली ज्यू तरुणी मराठी वाचकासमोर उभी केली होती. ‘शेजारी’तल्या गावात धरणाच्या कामासाठी जमीन हवी असलेला कंपनीवाला दोन जिवलग शेजाऱ्यांमध्ये, एक हिंदू आणि एक मुसलमान, फूट पाडतो. त्याच्या मनात धर्मवेड नाही, त्याला फक्त काम पुढे सरकवायचे आहे. द्वेष हे त्याच्यासाठी एक साधन आहे. एमआयडीसीसाठी शेतीच्या जमिनी जाताना पाहिलेल्या आपल्या गावांनी हा सिनेमा आज पुन्हा बघायला हवा.

प्लेग अधिकारी रँडला ठार मारणाऱ्या चिंचवडच्या चापेकर बंधूंवर नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी ‘२२ जून १८९७’ (१९७९) हा सिनेमा केला. प्लेगच्या निमित्ताने सोल्जर घरात घुसतात, देवघरापर्यंत जातात, आणि रँडच्या दृष्टीने ही स्वच्छतेची मोहीम असते. १८९७चा साथरोग कायदा हाताशी असतो, त्यामुळे सगळे नियमात बसते. चापेकरांची माहिती देणारे द्रविड बंधूही याच गोष्टीतले. वीस हजारांच्या इनामाने माणूस खबऱ्या कसा होतो, हा त्या इतिहासातला सर्वांत सामान्य आणि सर्वांत कडू भाग आहे.

विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘सामना’ १९७५ साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे-पाटील हा साखर कारखान्याचा सम्राट. तो गावात आलेल्या एका मास्तरांना घरी ठेवतो, दारू पाजतो, त्यांची काळजी घेतो. गायब झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले हा मास्तरांचा प्रश्न या पाहुणचारात बुडवायचा असतो. गावातल्या प्रत्येकाला उत्तर ठाऊक आहे आणि प्रत्येकाचे पोट कारखान्यावर आहे. तेंडुलकरांच्याच नाटकावरचा ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांच्या युक्त या सहकारी संस्थेने केला. त्या नाटकात ओळीने उभे राहणारे ब्राह्मण सत्तेचा पडदा होतात आणि हवे तेव्हा बाजूला सरतात. महेश एलकुंचवार यांच्या नाटकावर गोविंद निहलानी यांनी ‘पार्टी’ (१९८४) केला. त्यात लेखक-कलावंतांच्या मेजवानीत दूरच्या आदिवासींमध्ये काम करणाऱ्या कवीचा खून हा बोलण्याचा एक विषय ठरतो. दोषाचा वाटा तिथे सुसंस्कृत माणसाच्या ताटात थेट वाढला जातो.

आणीबाणीत सिनेमालाच काय सोसावे लागले तेही या आढाव्यात यायला हवे. अमृत नाहटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’च्या प्रती जप्त होऊन नष्ट झाल्या. गुडगावच्या मारुती कारखान्यात त्या जाळल्याच्या आरोपावरून तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री विद्याचरण शुक्ल आणि संजय गांधी यांच्यावर खटला चालला. १९७९ साली झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली रद्द केली. त्या प्रती मात्र परत आल्या नाहीत. नाहटा यांना सिनेमा नव्याने करावा लागला.

मराठीतल्या या सगळ्या सिनेमांत श्रेष्ठ मी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) मानतो. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका गटार कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. कनिष्ठ न्यायालयात खटला रेंगाळतो. ताम्हाणे कॅमेरा लांब ठेवतात, हलवत नाहीत. सरकारी वकील नूतन निष्ठुरपणे कायद्याची कलमे वाचते, मग लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, सुट्टीच्या दिवशी परप्रांतीयांना हाकलण्याचे नाटक बघून हसते. गीतांजली कुलकर्णी यांनी ती इतकी खरी केली आहे की ती आपल्याच सोसायटीतली वाटते. न्यायाधीश बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईची सुनावणी पुढे ढकलतात. कोणीही ओरडत नाही, कोणीही लाच मागत नाही. एक निरपराध म्हातारा तुरुंगात सडतो आणि सगळे वेळेवर घरी जातात. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तही (२०१३) डुक्कर पकडणाऱ्या जब्याला हसणारी गर्दी अशीच वर्गमित्रांची आणि शेजाऱ्यांची आहे, आणि त्याने भिरकावलेला दगड शेवटी थेट प्रेक्षकाकडे येतो.

नकाराची जागा

सामान्यपणा दाखवणाऱ्या सिनेमांचा एक धोका आहे. सगळेच असे असतात, माणूस परिस्थितीपुढे लाचार असतो, असा समज घेऊन प्रेक्षक बाहेर पडू शकतो. इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधल्या युझेफोव गावात जर्मन राखीव पोलिसांच्या १०१ क्रमांकाच्या तुकडीला ज्यूंना गोळ्या घालायला सांगितले गेले. ज्यांना जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावे, अशी मुभा अधिकाऱ्यानेच दिली. सुमारे पाचशेंपैकी डझनभर माणसे बाजूला झाली. त्यांना त्यासाठी शिक्षा झाली नाही. क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी १९९२ साली हे पुस्तकात मांडले आणि त्यावर पुढे माहितीपटही झाला. याचा अर्थ नकार शक्य होता आणि बहुतेकांनी तो दिला नाही. ग्लेझर यांच्या सिनेमात रात्री कैद्यांसाठी सफरचंदे लपवून ठेवणारी पोलिश मुलगी आहे. टेरेन्स मॅलिक यांच्या ‘अ हिडन लाइफ’मध्ये (२०१९) हिटलरच्या नावाने शपथ घ्यायला नकार देऊन १९४३ साली मृत्यू पत्करणारा ऑस्ट्रियन शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर आहे. ज्या सिनेमात नकाराची अशी एक फट दिसते तोच प्रेक्षकाला जबाबदार धरतो.

मराठी सिनेमाने गाव, जात, कोर्ट, राजकारणी यांच्याकडे धीटपणे पाहिले. गिरणगावाकडेही ‘लालबाग परळ’मधून पाहिले. पण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कचेऱ्यांत, डिझाइन विभागांत, कंत्राटी कामगारांच्या याद्यांवर सही करणाऱ्या टेबलांवर तो अजून ठळकपणे आलेला नाही. महाराष्ट्रातल्या मोठ्या वर्गाचे आयुष्य जिथे घडते त्या जागेची नैतिक कथा अजून सांगायची राहिली आहे.

तोवर आपल्या हातात पाहणे आहे. निगडी, आकुर्डी, रावेतच्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी आसावरच्या भाराचे गणित शिकवताना ‘शोआ’तली ती टिपणीही एकदा ऐकवावी. कामगार संघटनांनी आणि सांस्कृतिक मंडळांनी ‘कोर्ट’, ‘सामना’ आणि ‘शेजारी’ दाखवून नंतर तासभर चर्चा ठेवावी, आणि वेळ शिफ्ट सुटल्यानंतरची ठेवावी. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट दोन्ही पुण्यात, हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांची मदत मागावी. उद्या आपल्यासमोर असा एखादा कागद आला, ज्यावरच्या आकड्यामागे माणूस आहे, तर तो ओळखता यावा आणि त्यावर सही नाकारता यावी, एवढ्यासाठी हे सिनेमे बघायचे आहेत.